टिपणीसांची सहाशे वर्षं

टिपणीस माणसाला भेटले की आधी त्याचे कान बघायचे. नमस्कार वगैरे नंतर. मान किंचित वाकडी करून एक कान, मग दोन पावलं सरकून दुसरा. दोन्ही कान धड असले तर नुसतं "हं" म्हणायचे, आणि चेहरा असा पाडायचे की समोरच्याला वाटावं, आपला एक्स-रे वाईट आला. कुठे चीर, टाक्याची खूण, भाजल्याचा डाग दिसला तर मात्र खूश. "खोट आहे. वाचलात."

माझा उजवा कान लहानपणी वसईच्या घरी पत्र्याच्या दाराने कापला होता. त्यामुळे बहरीनला माहूजच्या त्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलो त्या पहिल्याच दिवशी मी वाचले. सामान जिन्यात पडलेलं, लिफ्ट बंद, माझा नवरा पास्कोल टेम्पोवाल्याशी हुज्जत घालतोय, मी हॉस्पिटलातून थेट युनिफॉर्ममध्येच आलेली, आणि समोरच्या दारातला हा पन्नाशीचा माणूस माझ्या कानाकडे टक लावून उभा. नर्सला नजरा ओळखता येतात. ही त्यातली नव्हती, म्हणून मी तोंड आवरलं.

"सिस्टर, आहोम राजांच्या नियमाप्रमाणे तुम्हाला गादीवर बसता यायचं नाही," ते म्हणाले. "अंगावर व्रण असलेल्या माणसाला राज्य नाही. आणि ज्याला राज्य नाही त्याला मारायला कोणी येत नाही. वाचलात."

एवढं बोलून त्यांनी आमची गॅसची शेगडी उचलली आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. टिपणीस मूळचे पेणचे, तेलाच्या कंपनीत ड्रिलिंगचे इंजिनियर. एकटे राहायचे, पण फ्लॅट दोन बेडरूमचा. त्यावर बिल्डिंगमधल्या बायकांचे निरनिराळे अंदाज होते. कोणी म्हणे लग्नच केलं नाही, कोणी म्हणे बायको पळाली, आणि ते आहोम ऐकून ऐकून पळाली असणार यावर मात्र सगळ्यांचं एकमत. बहरीनला येण्याआधी ते बरीच वर्षं आसामात, शिवसागरच्या बाजूला तेलविहिरींवर होते. तिथेच हे आहोम त्यांना चिकटले असं सगळे धरून चालायचे. तिकडे माणसाला मलेरिया चिकटतो तसे.

त्यांच्याकडे चहा चांगला मिळायचा, आसामचा, पाण्यात टाकल्याबरोबर लाल होणारा. पण चहाबरोबर सहाशे वर्षं ऐकावी लागत. ब्रह्मदेशाच्या पलीकडे ताई लोकांची छोटी छोटी राज्यं होती. तिथला सुकाफा नावाचा एक राजपुत्र. मामाला मुलगा नव्हता, म्हणून गादी याला मिळायची होती. मामाला मुलगा झाला. हा थोडी माणसं, थोडे घोडे घेऊन निघाला. पाटकाईचे डोंगर ओलांडले आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरला. आसामचे आहोम राजे ते याचेच वंशज.

"आणि उतरून काय केलं असेल, पास्कोलराव?"

"लढाई," पास्कोल सांगायचा. त्याला उत्तर माहीत असायचं, पण टिपणीसांचा आनंद कशाला घालवा.

"भात लावला," टिपणीस म्हणायचे. "वर्षानुवर्षं नुसता फिरला. इथे पूर येतो, पुढे चला. इथे माणसं फार, पुढे चला. मग चराइदेवला थांबला. दलदलीत बांध घातले, भात लावला. बरोबर बायका फारशा नव्हत्या, म्हणून इथल्याच मुलींशी लग्नं केली. त्यांच्या घरचं जेवले. राज्य असं उभं राहतं. सहाशे वर्षं टिकलं हो."

हे "टिकलं हो" ते इतक्या हळू म्हणायचे की आपणच काहीतरी मोडलंय की काय असं वाटायचं.

आहोमांच्या राजवाड्यांच्या चुन्यात अंडी, चिकट तांदूळ आणि उडीद घालत, हेही त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. पास्कोल हॉटेलात कामाला. तो म्हणाला, एवढ्यात आमचे पन्नास लोकांचे नाश्ते होतात. टिपणीस हसले नाहीत. खरं तर ते कधीच मोठ्याने हसायचे नाहीत. विनोद त्यांच्यापर्यंत पोचायचा आणि दारातून परत जायचा.

माझी मुलं इंग्लिश शाळेत. मी मराठीत ओरडायची, ती इंग्लिशमध्ये उलट उत्तर द्यायची. टिपणीस दाराशी उभे राहून ऐकायचे. "आहोमच तुम्ही," ते मुलांना म्हणायचे. "राज्य करायला आले आणि बोली विसरले. आता त्यांची जुनी भाषा पूजा सांगणाऱ्या म्हाताऱ्यांनाच तेवढी येते." सॅव्हियो, माझा धाकटा, म्हणायचा, "ममा, व्हॉट इज आहोम?" आणि मी म्हणायची, "विचारू नकोस, अभ्यास राहील."

याच सॅव्हियोचा शाळेत पडून कान फाटला. चांगले तीन टाके पडले. मी नर्स असले तरी आई आहे, टाके पडताना तोंड फिरवून उभी राहिले. घरी आणून त्याला झोपवलं, आणि अर्ध्या तासात टिपणीस दारात. हातात बाब अल बहरीनच्या बाजारातल्या दुकानातला हलव्याचा डबा. चेहरा असा फुललेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. वाकून त्यांनी पट्टीखालचा कान बघितला, मला विचारलं, "खूण राहील ना, सिस्टर? नक्की राहील?" आणि सॅव्हियोच्या केसांवरून हात फिरवून म्हणाले, "वाचलास रे बाबा."

मी त्यांना घराबाहेर काढलं. लहान मुलाला लागलंय आणि हा माणूस पेढे वाटल्यासारखा हलवा वाटतो. महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. हलवा मात्र मुलांनी संपवला.

आमच्या मराठी मंडळालाही टिपणीस एकदा भोवले. शिवजयंतीला मुंबईहून यायचे वक्ते व्हिसाच्या भानगडीत अडकले. अध्यक्षांना कोणीतरी सांगितलं, माहूजचे टिपणीस इतिहासावर छान बोलतात. कुठल्या इतिहासावर, ते विचारायचं राहून गेलं. हॉल भरलेला, बायका नऊवारीत, मागे बटाटेवडे तळायला घेतलेले. टिपणीस उभे राहिले आणि म्हणाले, "ज्या रामसिंगाच्या पहाऱ्यातून महाराज आग्र्याहून निसटले, त्या रामसिंगाचं पुढे काय झालं, कोणी विचारतं का?"

कोणी विचारत नव्हतं. पण सुरुवात झकास होती, लोक सावरून बसले. रामसिंगावर बादशहाची गैरमर्जी झाली, त्याला आसामवर धाडलं, आणि त्याच्याबरोबर टिपणीस जे आसामात गेले ते परत आलेच नाहीत. ब्रह्मपुत्रेत सराईघाटला होड्यांची लढाई. आहोमांचा सेनापती तापाने फणफणलेला, पलंगावरून उठून नावेत बसतो, पळणारी माणसं त्याला बघून मागे फिरतात. नर्स म्हणून मला ते काही बरोबर वाटलं नाही, तरी अंगावर काटा आला हे खरं. पण तास उलटून गेला होता. वडे गार होत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "महाराज मफी, वडे पण खलास." मफी म्हणजे तिकडच्या अरबीत "नाही". हॉल हसला.

टिपणीस थांबले. अध्यक्षांनी आभार मानता मानता शिष्टाचार म्हणून विचारलं, "एवढं मोठं राज्य, मग पुढे त्याचं झालं काय?"

"पुढचं नंतर," टिपणीस म्हणाले आणि खाली उतरले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुढचं आम्हीही कधी ऐकलं नव्हतं. सराईघाटची लढाई जिंकली की त्यांचा चहा संपायचा. राज्य बुडालं कसं, हे ते कधी सांगायचेच नाहीत.

दर जानेवारीच्या शेवटी आमच्या जिन्यात एक वास यायचा. मल्याळी वॉचमन मेलेला उंदीर शोधत मजले पालथे घालायचा. वसईच्या बाईला तो वास समजावून सांगायला लागत नाही. कोणीतरी भात आंबवत होतं. मी टिपणीसांना गाठलं. ते म्हणाले, आहोमांचा पूर्वजांचा दिवस असतो, त्याला तांदळाची दारू लागते. इथे कुठली मिळायची, म्हणून दोन दिवस आधी घरीच थोडीशी. वाटीभर.

"आणि पूर्वज कुठे आहेत तुमचे इथे?"

"आलीला," ते म्हणाले.

आली म्हणजे कुंभारांचं गाव, मनामा शहरापासून मोटारीने फार लांब नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मातीचे उंचवटे, शेकडो, नजर जाईल तिथवर. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांच्या कबरी. आम्ही भांडी घ्यायला जायचो तेव्हा मुलं त्यांवर चढायची. आहोम राजांनाही तिकडे चराइदेवला असेच मातीचे डोंगर करून पुरलेलं आहे, त्याला मैदाम म्हणतात, हे टिपणीसांनी सांगितलेलं होतं. म्हणजे आसामचे राजे बहरीनमध्ये. पास्कोल म्हणाला, त्यांनाही नोकरी इकडेच लागली असेल.

टिपणीसांनी तिथला एक उंचवटा धरला होता. रस्त्यापासून आत, फार मोठा नाही, एका बाजूला काटेरी झुडूप. दर वर्षी त्या दिवशी, आणि एरवीही बऱ्याच शुक्रवारी, ते टॅक्सी करून तिथे जायचे.

मग ऐंशीनंतर कधीतरी बातमी आली की त्या बाजूला घरं होणार, काही उंचवटे सपाट करणार. बहरीन वाढत होतं, माणसांना राहायला जागा हवी, त्यात कोणाचं काय चुकलं. पण टिपणीस हादरले. एरवी आठवड्याला दोनदा दाढी करणारा माणूस, रोज दाढी करून, टाय लावून कचेऱ्यांच्या चकरा मारू लागला. त्यांचं म्हणणं एवढंच, सगळं घ्या, तेवढा एक ठेवा. सगळीकडे माणसं अदबीने वागली. चहा दिला, "बुक्रा, इंशाल्ला" म्हणाली. उद्या बघू. उद्या त्यांच्या जागी दुसरा कोणी बसलेला असायचा. टिपणीस त्याचे कान बघायचे आणि पहिल्यापासून सांगायला लागायचे. पाटकाईचे डोंगर, भात, सहाशे वर्षं. बहरीनच्या मातीखालच्या कबरीचा त्याच्याशी काय संबंध, हे त्या बिचाऱ्यांना कळायचं नाही. आम्हाला तरी कुठे कळत होतं?

एका सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. पास्कोलला म्हणाले, "गाडी काढता का? काम सुरू झालंय." हातात पितळी डबा होता. माझी त्या दिवशी सुट्टी. माणसाचा रंग बरा दिसेना, म्हणून मीही बसले.

त्या वाटेत, कोणी न विचारता, टिपणीसांनी राज्य बुडाल्याची गोष्ट सांगितली. काचेबाहेर बघत, कंटाळलेल्या आवाजात.

"बाहेरच्यांनी नाही हो मारलं. मोगलांना दाद दिली नाही त्यांनी. घरातच सुरू झालं. राजपुत्र एकमेकांचे कान चिरत सुटले, नाक, डोळे, काहीही. अंगाला खोट केली की तो गादीवरून बाद. मग प्रजेतला एक पंथ उठला, त्याला इतकं छळलं होतं की तो वर्षानुवर्षं लढत राहिला. गावंच्या गावं ओस पडली. शेवटी त्यांच्याच एका मोठ्या अधिकाऱ्याने घरच्या भांडणात ब्रह्मी फौज बोलावली. ती तीनदा आली. मग इंग्रज आले आणि सगळंच घेऊन गेले. जे राहिलं ते नदीने नेलं."

"नदीने?" मी विचारलं.

त्यांनी डबा मांडीवर नीट धरला.

आलीला पोचलो तर बुलडोझर उभा होता. पेशावरकडचा एक पठाण चालवत होता. त्याने कडेची रांग साफ केली होती. टिपणीसांचा उंचवटा अजून होता. टिपणीस त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि हिंदीत सुरू झाले, "भाईसाब, एक राजा था, सुकाफा." पठाणाने मशीन बंद केलं, खाली उतरून सावलीत उकिडवा बसला आणि सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "बाबा, मेरे हाथ में कुछ नहीं. कल नहीं तो परसों कोई और तोड़ेगा. आप को जो पढ़ना है, पढ़ लो. मैं उधर का काम करता हूँ."

तो मशीन घेऊन लांब गेला. टिपणीसांनी चपला काढल्या. सुपारी ठेवली, पान ठेवलं, एक उकडलेलं अंडं ठेवलं. मग पितळी डबा उघडला. आत भात आणि मासे. ते मासे मी त्यांच्याकडे खाल्ले होते. टोमॅटो आणि लिंबाचा आंबट पातळ रस्सा, खोबऱ्याचा पत्ता नाही. वसईच्या माणसाला तो आजाऱ्याचा पथ्याचा पदार्थ वाटेल. त्यांनी तो भातावर ओतला, बोटाने चव घेतली आणि खाली वाकून त्या मातीला म्हणाले, "आज मीठ जरा कमी पडलं. घाईत केलं."

आमच्या वसईत दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात. सगळं गाव कबरस्तानात जातं. कबरी धुतात, झेंडूची फुलं, मेणबत्त्या. माझी आई माझ्या बापाच्या कबरीपाशी बसून घरातलं सगळं सांगायची, विहिरीचा पंप बिघडला इथपर्यंत. तेव्हा मातीशी कोण कसं बोलतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. राजाच्या कबरीपुढे कोणी मिठाबद्दल बोलत नाही.

मी जवळ जाऊन विचारलं, "टिपणीसभाऊ, कोणाला जेवायला घातलंत?"

ते बराच वेळ डब्याचं झाकण लावत राहिले. ते नीट बसलेलं होतं.

"हेमप्रभा," म्हणाले. "माझी बायको. आहोम होती. पेणला कधी सांगितलंच नाही. आईला सहन झालं नसतं. इथे घर मिळालं की तिला आणायचं ठरलं होतं, म्हणून तर दोन बेडरूमचं घेतलं. मी इकडे आलो आणि पुढच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. रस्ते तुटलेले, तार उशिरा आली. तिच्या घराण्यात जुनी रीत आहे, जाळत नाहीत, पुरतात. नदीकाठी, वर मातीचा छोटा मैदाम. पहिल्या रजेत गेलो तेव्हा तो होता. मी अंडं ठेवून आलो. दुसऱ्या रजेत गेलो तर काठच नव्हता. नुसतं पाणी."

पास्कोल गाडीपाशी उभा होता, तो तिथेच खाली बसला.

"हे झुडूप आहे ना, तसंच तिकडे होतं," टिपणीस म्हणाले. "म्हणून हा धरला. मला काय कळत नाही का, सिस्टर, की हा दुसऱ्या कोणाचा आहे?"

मग त्यांनी कानाचं सांगितलं. लहानपणी बिहूच्या सणाला आजीचं जड कानातलं घालून हेमप्रभा नाचली आणि डाव्या कानाची पाळी फाटली. तिची आई म्हणायची, बरं झालं, खोट असलेल्या माणसाला राजाची माणसं हात लावत नाहीत, ही आता म्हातारी होऊनच मरेल. सगळं घर यावर हसायचं. तीही हसायची.

"मला खरंच तसं वाटत होतं," ते म्हणाले. "अजून वाटतं. एखाद्या पोराचा कान फाटलेला दिसला की वाटतं, सुटलं हे. हे जगेल."

मला सॅव्हियोचा हलवा आठवला. वाळूत उभी राहून मी रडले. मी हॉस्पिटलात रडत नाही, मेल्या माणसाचे डोळे मिटतानाही नाही.

दोन दिवसांनी तो उंचवटा गेला. टिपणीस बघायला गेले नाहीत. कान बघणंही त्यांनी सोडलं. जिन्यात भेटले की खाली बघून जायचे, आणि बिल्डिंगमधले लोक म्हणायला लागले की टिपणीस सुधारले. पुढच्या जानेवारीत जिन्यात वास आला नाही. वॉचमननेही मला विचारलं, "साबको कुछ हुआ क्या?" मी म्हणाले, "मफी. कुछ नहीं." पण मला तो वास नसणं सहन होत नव्हतं.

नोव्हेंबरची दोन तारीख आली तशी मी त्यांच्या दारावर थाप मारली. म्हटलं, कपडे करा, आमच्या चर्चमध्ये चला. ते म्हणाले, मी कशाला, सिस्टर? मी सांगितलं, आमच्यापैकी इथे कोणाचीच कबर नाही. सगळी वसईला, मुंबईला, गोव्याला. ज्यांच्या कबरी लांब आहेत ते आज आवारातल्या मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी मेणबत्ती लावतात. ती तिकडे पोचते असं आम्ही धरून चालतो. कबर शाबूत आहे की नाही, हे काही कोणी विचारत नाही.

ते आले. तोच टाय लावून. मनाम्याच्या त्या आवारात संध्याकाळी शे-दोनशे माणसं होती. हॉटेलातल्या पोरी, ड्यूटीवर जायच्या नर्सा, क्लार्क, सगळे खाली वाकलेले. मी बापाची मेणबत्ती लावली, पास्कोलने त्याच्या आईची. टिपणीसांना एक दिली. त्यांनी ती लावली, मग खिशातून रुमालात बांधलेलं अंडं आणि सुपारी काढून हळूच मेणबत्तीशेजारी ठेवली. आवार सांभाळणारा गोव्याचा म्हातारा पुढे आला. मी त्याला म्हटलं, "राहू दे रे बाबा, त्यांच्याकडे असंच करतात." त्याने खांदे उडवले आणि वाऱ्याने विझलेली बाजूची मेणबत्ती पेटवायला गेला.

टिपणीस उभे होते. मला वाटलं, आता सुकाफा सुरू होणार. मनातून मला तो हवाही होता. पाटकाईचे डोंगर, भात, सगळं.

"नऊ वर्षं," ते हळूच म्हणाले. "आमचं नऊ वर्षं टिकलं हो."

मेण त्यांच्या बोटांवर सांडलेलं होतं. मी रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला, पण बोटं काही पुसली नाहीत.